दाबायची नव्हे, आवरायची!

आमच्या गल्लीत एक शिक्षिका राहते. वय चाळिशीच्या आतबाहेर. दीड-दोन वर्षांपूर्वी तिची बोटं दुखायला लागली. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही, पोळ्या लाटताना लाटणं धरवायचं नाही. आधी तेल झालं, मग शेक झाला, मग कुणीतरी दिलेली पुडी झाली. शेवटी भावाने जिल्ह्याच्या गावी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. आमवाताचं निदान झालं, फाइल झाली, गोळ्या लिहून मिळाल्या. घरी आल्यावर दहावीतल्या मुलाने मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, ‘इम्युनोसप्रेसंट. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. आई, हे कॅन्सरला पण देतात!’

झालं! सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, लोक प्रतिकारशक्ती वाढवायला काढे पितात आणि तुझा डॉक्टर आहे ती दाबायला निघालाय. ठेव ती पाकिटं बाजूला.’ पाकिटं फ्रिजवर गेली आणि तिथेच राहिली. चार महिन्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं किंचित वाकडी झाली होती. ‘ताई, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला माहीत असेल. हे दाबणं म्हणजे नक्की काय करतात हो?’

मी काही डॉक्टर नाही. पण तिचा प्रश्न खरा होता, आणि तिच्या सासूबाईंचाही खोटा नव्हता. त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्या बोलत होत्या.

आठवा ना ती करोनाची वर्षं. २०२० च्या उन्हाळ्यापासून ‘इम्युनिटी’ हा शब्द आपल्या घरात असा शिरला की जणू घरचाच होऊन बसला. काढा, हळदीचं दूध, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या हे तर होतंच. मध्य प्रदेशात मसाल्यांच्या पाण्यात भिजवून तयार केलेल्या, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या साड्यासुद्धा विक्रीला आल्या होत्या. साडी नेसून प्रतिकारशक्ती! आपण हसलो, पण मनात एक गोष्ट घट्ट बसली: प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली. पैशासारखी. जास्त झाली म्हणून कुणाचं काही बिघडलंय का?

तर हो, बिघडतं. त्याच काळात कुंपणावरची गुळवेल उकळून रोज पिणाऱ्यांची संख्या खूप वाढली. २०२० च्या शेवटी मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांकडे कावीळ घेऊन काही पेशंट आले. अशा ६ जणांची हकीगत त्यांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली. हे सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या शहरांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला. निम्म्याहून जास्त बायका. चित्र असं दिसत होतं की शरीराच्या स्वतःच्याच पेशी यकृतावर उलटल्या आहेत. आणि अशा प्रकारच्या यकृताच्या सुजेवर नेहमीचा उपाय काय, तर स्टिरॉइड. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध! वाढवायला गेलेल्याला शेवटी दाबायच्या दारात उभं राहावं लागावं, ही थोडी गंमत आणि बरीचशी शोकांतिका आहे. गुळवेल वाईट, असं मला म्हणायचं नाही. पण ती सगळ्यांनाच आणि रोजच चालते, हे कुणी सांगितलं?

राखणीच्या कुत्र्याचं उदाहरण घ्या. कुत्रा तगडा हवा, परक्यावर भुंकणारा हवा. पण तोच घरच्या लेकराच्या अंगावर जायला लागला तर? तेव्हा त्याला आणखी मटण घालून तगडा करत नाहीत, साखळी लावतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम राखणीचंच आहे. जंतू दिसला की धर. पण कधीकधी त्यांची ओळख चुकते आणि त्या घरच्याच माणसाला धरतात. सांध्यांना धरलं की आमवात, कातडीच्या रंगाच्या पेशींना धरलं की कोड, थायरॉइडच्या ग्रंथीला धरलं की थायरॉइडचा एक प्रकार. आणि किडनीपासून मेंदूपर्यंत कुठेही धरू शकणारा ल्युपस.

मग सगळ्यांचेच कुत्रे का चावत नाहीत? या प्रश्नाच्या उत्तराला ६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेतले मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल असे तिघे. मेरीबाई सिएटलला राहतात. पहाटे स्वीडनहून फोन आला, तो त्यांना कुठलातरी फसवा फोन वाटला. त्यांनी घेतलाच नाही आणि परत झोपल्या. नंतर फोटोग्राफर दारात आला आणि घरातला कुत्रा भुंकायला लागला, तेव्हा कुठे बातमी घरात पोहोचली. (राखणीचा कुत्रा, बघा!)

या तिघांनी दाखवलं ते असं की आपल्या शरीरात चावणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात. साकागुचींनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. मेरी ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये उंदरांच्या एका आजारी जातीवरून त्यामागचं जनुक शोधलं. त्या उंदरांत ही आवरणारी फौजच तयार होत नव्हती. कातडी सोलवटायची, सगळ्या अवयवांवर हल्ला व्हायचा आणि नर पिल्लं काही आठवड्यांतच मरायची. त्यांची प्रतिकारशक्ती कमी नव्हती, बेलगाम होती.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ अशा पेशींना ‘सप्रेसर’ म्हणजे दाबणाऱ्या पेशी म्हणत. त्या वेळचे पुरावे टिकले नाहीत, विषय बदनाम झाला आणि बहुतेकांनी तो सोडून दिला. साकागुची चिकटून राहिले. पुढे त्या पेशी खरोखर हाती लागल्या, तेव्हा त्यांचं नाव रूढ झालं ‘रेग्युलेटरी’, म्हणजे नियमन करणाऱ्या. शब्द बदलला आणि बघायची दृष्टीही बदलली. औषधांच्या बाबतीत मात्र जुनाच ‘सप्रेसंट’ राहिला. मराठीत तर तो आणखी भयंकर होतो. दाबणं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गळा दाबणं, आवाज दाबणं. बायकांना तर दाबून ठेवणं म्हणजे काय, ते सांगायलाच नको. अशा शब्दाची गोळी कोण सुखाने गिळेल? आपल्याकडे किती सुरेख शब्द आहे, आवरणं! राग आवरतो, मूल आवरतो, घर आवरतो. घर आवरलं म्हणजे ते मोडलं असं कुणी म्हणत नाही. ‘तुमची प्रतिकारशक्ती जरा सैरभैर झाली आहे, ती आवरायची आहे,’ असं डॉक्टर बोलले असते तर ती पाकिटं फ्रिजवर गेली नसती, असं मला अजूनही वाटतं. ओपीडीत बाहेर साठ पेशंट बसलेले असताना शब्द निवडायला वेळ कुणाला असतो, हेही कबूल.

हा विषय बायकांच्या पुरवणीत का, असं विचाराल तर ल्युपस झालेल्या दहा जणांत साधारण नऊ बायका असतात. आमवात बायकांना पुरुषांच्या दुपटी-तिपटीने होतो. थायरॉइडचं तर विचारूच नका, प्रत्येक भिशीत दोघी-तिघी निघतील. बायकांनाच का, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी एक धागा दाखवला. आपल्याकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्यातलं एक शरीर बंद करून ठेवतं आणि ते बंद करणारी यंत्रणाच काही वेळा पांढऱ्या पेशींना डिवचते. एवढं मात्र दिसतं की बायकांची राखण मुळातच जास्त सावध असते. जंतूंशी आपण बऱ्याचदा बरे लढतो आणि त्याची किंमत अशी मोजतो.

गंमत म्हणजे प्रतिकारशक्ती आवरण्याची किमया निसर्गानेही बाईच्याच शरीरात करून दाखवली आहे. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं. म्हणजे आईच्या पांढऱ्या पेशींच्या हिशेबाने निम्मं परकं! तरी नऊ महिने त्या त्याला धरत नाहीत. त्याला जी अनेक कारणं आहेत, त्यात वर सांगितलेल्या आवरणाऱ्या पेशीही आहेत. अमेरिकेतले डॉक्टर फिलिप हेंच यांच्या लक्षात आलं होतं की आमवाताच्या बायकांचं दुखणं गरोदरपणात बऱ्याचदा थांबतं आणि बाळंतपणानंतर परत येतं. शरीर स्वतःच काहीतरी सोडत असणार, असं त्यांना वाटलं. त्या विचारातून १९४८ मध्ये त्यांनी एका आमवाताच्या बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि पलंगाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आपण ज्याला स्टिरॉइड म्हणतो त्याची सुरुवात ही अशी, बायकांची तक्रार नीट ऐकल्यामुळे झाली. आपल्याकडे मात्र ‘कामाने बोटं दुखणारच, वय झालं’ यातच दोन वर्षं जातात. सकाळी तासभर सांधे आखडलेले राहत असतील आणि सूज असेल तर ते कामाचं दुखणं नव्हे, एवढं तरी घरातल्यांनी मनाशी धरावं.

आणखी एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. गर्ट्रूड इलियन. केमिस्ट्रीत उत्तम गुण, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत जागा मिळेना. एका किराणा कंपनीसाठी लोणच्याचा आंबटपणा तपासायची नोकरी तिने केली. शेवटपर्यंत पीएचडी मिळाली नाही. पुढे याच बाईने सहकाऱ्यांबरोबर जी औषधं शोधली, त्यातलं एक अझाथायोप्रिन. १९५४ मध्ये बोस्टनमध्ये किडनी बदलण्याचं पहिलं ऑपरेशन यशस्वी झालं होतं, कारण देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते, शरीराला परकेपणा जाणवलाच नाही. जुळा भाऊ नसलेल्यांनी काय करायचं? १९६२ मध्ये अझाथायोप्रिनच्या जोरावर नात्याबाहेरची किडनी टिकली आणि अवयव बदलण्याचं दार उघडलं. इलियनला १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

किडनीचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब सांगते. सरकारी नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यातली २९,६९५ पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये मात्र बायकाच जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. यावर वेगळा लेखच लिहावा लागेल. इथे एवढंच की बसवलेली किडनी शरीराला कायम परकीच असते. तिला सांभाळून घेण्यासाठी रोजच्या वेळेला रोजची गोळी, आयुष्यभर. इथे मात्र नुसतं आवरणं नाही, चांगलंच दाबून ठेवणं असतं. बरं वाटतंय म्हणून किंवा महिनाअखेरीला पैसे नाहीत म्हणून गोळी सुटली की शरीर ती किडनी नाकारायला लागतं. बायकोने दिलेली किडनी नवऱ्याच्या विसराळूपणापायी जावी, हे किती लागेल हो जिवाला!

आता दुसरी बाजू. साखळी लावलेला कुत्रा चोरावरही कमी धावतो, हे खरंच आहे. या गोळ्या घेणाऱ्यांना जंतुसंसर्ग लवकर होऊ शकतो. ‘दंगल’मधली छोटी बबिता आठवते? सुहानी भटनागर. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती १९ व्या वर्षी गेली. तिला डर्माटोमायोसायटिस हा असाच, शरीर स्वतःवर उलटण्याचा आजार झाला होता. स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली आणि फुप्फुसांत संसर्ग झाला, असं घरच्यांनी सांगितल्याचं तेव्हा छापून आलं. ती बातमी वाचून अनेकींच्या पोटात गोळा आला असेल. पण तो आजार औषधाशिवायही जिवावर उठू शकतो, हे त्या बातमीत कुठेतरी कोपऱ्यातच राहून जातं.

म्हणून किती आवरायचं आणि केव्हा, हे ठरवणारा माणूस जाणता हवा. करोनातच पाहिलं ना? जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे जीव वाचवतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा उपयोग दिसला नाही. पण २०२१ च्या लाटेत साध्या तापालाही, साखर न तपासता, ते दिलं गेलं. मग आली काळी बुरशी. मधुमेह आणि जादा स्टिरॉइड ही तिची आवडती जोडी. महाराष्ट्रात तर तिने कहर केला. किती जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले.

आणि आता खरी मेख. माझ्या त्या शिक्षिका मैत्रिणीने डॉक्टरांनी लिहून दिलेली, हिशेबातली, रक्त तपासून द्यायची गोळी भीतीने फ्रिजवर ठेवली. पण त्याआधी तीन महिने ती जी पुडी घेत होती, ‘काय गुण आला हो दोन दिवसांत!’ म्हणत, त्या पुडीत काय होतं? नाव नाही, कंपनी नाही, कागद नाही. सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. दोन दिवसांत गुण आणि महिन्याभरात चेहरा गोल, वजन वर, साखर वर, अशी त्याची ओळख. म्हणजे प्रतिकारशक्ती तिची दाबली जातच असावी, फक्त तिला कुणी तो शब्द सांगितला नव्हता.

तीच गोष्ट चेहऱ्याच्या क्रीमची. लग्न ठरलं की मुलगी मेडिकलमधून ‘गोरं होण्याची’ ट्यूब आणते. बांगड्यांच्या दुकानातसुद्धा मिळते! आठ दिवसांत चेहरा उजळतो आणि मग ट्यूब सुटत नाही. लावायची थांबवली की आग होते, लाली येते, पुरळ उठतं. काहींच्या गालावर लव वाढते, कातडी कागदासारखी पातळ होते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, म्हणजे त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. गजकर्णावर हीच ट्यूब चोळली की खाज थांबते आणि खाली बुरशी मोकाट पसरते. पहारेकऱ्यालाच झोपवलं ना आपण! २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तुमच्या गावातल्या मेडिकलवाल्याने शेवटची चिठ्ठी कधी मागितली होती, आठवून बघा.

ज्यांना डॉक्टरांनी खरोखरच या गोळ्या दिल्या आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी, मी तज्ज्ञांना विचारून माझ्या वहीत लिहून घेतलेल्या. आमवाताला बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट देतात. आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या संशोधनाचं नेतृत्व करत होते, त्यातून हे औषध आलं. आधी ते कॅन्सरसाठी होतं, म्हणून मोबाइलवर तसं दिसतं. आमवाताला त्याची मात्रा कॅन्सरच्या मानाने अगदी थोडी असते. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि ही चूक खरंच होते. वार ठरवायचा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवायचा. सोबत फोलिक ॲसिड दिलेलं असतं, ते वेगळ्या दिवशी. मूल हवं असेल किंवा राहण्याची शक्यता असेल तर हे आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण गर्भाला ही गोळी चालत नाही. अशा वेळी चालणारी दुसरी औषधं आहेत, तेव्हा आपल्या मनाने सगळंच बंद करायचं नाही. स्टिरॉइड तर एकदम तोडायचंच नाही, शरीराने स्वतःचं तयार करणं थांबवलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. ताप आला तर ‘उद्या बघू’ नको. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. लस घ्यायची असेल तर आधी विचारायचं, जिवंत जंतूंच्या लसी यात चालत नाहीत. आणि कुणी प्रेमाने काढा आणून दिला तर तो पिण्याआधी डॉक्टरांना त्याचं नाव सांगायचं. लाजायचं कारण नाही.

मैत्रीण पुन्हा जिल्ह्याला जाऊन आली. या वेळी सासूबाईंना सोबत नेलं, हे तिने शहाणपणाचं केलं. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘हिची ताकद का काढून घेता?’ डॉक्टर हसले आणि त्यांनी पाच मिनिटं दिली. गोळीचा वार आधी शनिवार ठरत होता, पण शनिवारी मारुतीचा उपास आणि गोळीने पोटात मळमळतं, म्हणून रविवार ठरला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता प्रत्येक रविवारी लाल गोल असतो. दूधवाल्याच्या खाड्यांची खूण निळी आणि ही लाल, अशी विभागणी सासूबाईंनीच केली आहे. वाकडी झालेली दोन बोटं पुरती सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बाकीची आठ वाचतील. परवा वर्गात तिने फळ्यावर अख्खी कविता लिहिली, खडू न सोडता. तेवढ्यासाठी मुद्दाम फोन केला होता तिने.